संहितेत नसलेली ओळ

मासे कापायच्या कारखान्याची पाळी साडेपाचला सुटते,
सातला तालीम. मधल्या दीड तासात
हात कितीही घासले
तरी आमच्या नाटकातल्या जमीनदाराला कॉडचा वास येतोच.
पहिल्या रांगेत कोणी नाक मुरडत नाही.
त्यांच्याही हातांना तोच वास.

आइसलँडच्या पूर्वेला, फ्योर्डच्या तोंडाशी आमचं गाव.
एकशे चाळीस माणसं. तेवीस नाटकात, सहा पडद्यामागे,
चारजणी कॉफी आणि पातळ गोड धिरडी करायला.
उरले ते प्रेक्षक, आणि ते दोन प्रयोगांत संपतात.
तिसऱ्याला डोंगरापलीकडच्यांना बोलावतो,
घाट उघडा असला तर.

मी दिवे सांभाळतो, एरवी बंदरावरचा वायरमन.
आठ दिवे, त्यातला एक रुसका.
शिडीवरून मला सगळ्यांचे भांग दिसतात,
विंगेत कोण कोणाशी बोलत नाही, तेही.

केटिल आणि स्टेनव्होर बोलत नाहीत.
घटस्फोटाला तीन वर्षं झाली. ती दुकानात शिरली
की हा हातातलं पिठाचं पोतं तिथेच टाकून निघतो.
पण जमीनदाराचा कोट त्यालाच बसतो,
आणि जमीनदारीण तिच्याशिवाय कोण करणार?
हा विषय निघाला तेव्हा सगळे कपात बघत बसले.
शेवटी पाद्री ईस्लेफुर (त्याच्याकडे चोराचं काम आहे) म्हणाला,
भांडणाचाच तर प्रवेश आहे,
पाठांतर सोपं जाईल.

मोलकरीण बोगुमिला. चार हिवाळ्यांपूर्वी पोलंडहून आली,
इथली भाषा आमच्या जुन्या संहितांतून शिकली.
बेकरीत उभी राहून म्हणते,
"कृपावंत बाईसाहेब, एक पाव मिळाल्यास उपकार होतील."
बेकरीवाली आता तसंच उत्तर देते.

सोफा ऑडनीच्या घरचा. त्याचं हे अकरावं नाटक.
तो इथे असतो तोवर
तिचा नवरा बातम्या उभ्याने बघतो.
ऑडनी प्रॉम्प्टर. सत्त्याहत्तर वर्षांची,
आणि तिची कुजबुज धक्क्यापर्यंत जाते.

दुसऱ्या प्रयोगाला घंटा तीनदा झाली,
मोडीत निघालेल्या ट्रॉलरची घंटा.
दुसरा अंक. "तुम्ही माझं आयुष्य नासवलंत," ती म्हणाली,
बरोबर.
त्यावर त्याचं वाक्य होतं, "आणि तू माझी जमीन."
तो गप्प.
ऑडनीने ओळ दिली. पुन्हा दिली.
तिसऱ्यांदा तर शेवटच्या रांगेतल्या पोरांनी तिला साथ दिली.

केटिल म्हणाला,
"पोराच्या खोलीतली खिडकी नीट लागत नाही म्हणे.
रविवारी येऊन बसवून देऊ?"

ऑडनी पानं उलटत सुटली, पुढे, मग मागे.
बोगुमिला ट्रे धरून उभी,
कप किणकिणायला लागले.
माझा हात स्विचवर होता. अंधार करावा का?
नाही केला.

स्टेनव्होरने पंखा मिटला.
"मजुरी किती घ्याल?"
"काही नको."
"मग सकाळी या. दुपारी आम्ही नसतो."
आणि त्याच दमात, "चालते व्हा माझ्या नजरेसमोरून!"
हे मात्र संहितेत होतं.
नाटक पुन्हा रुळावर आलं.
सभागृहात कोणी हसलं नाही, कोणी खोकलंही नाही.
फक्त कोणाची तरी विणायची सुई
खाली पडली आणि घरंगळत राहिली.

तिसऱ्या दिवशी घाट उघडा होता.
ऑडनीने ती वाक्यं पेन्सिलीने समासात लिहून ठेवली होती,
आणि दोघांनी ती म्हटली, एक शब्द इकडेतिकडे नाही.
डोंगरापलीकडचे पोट धरून हसले.
केटिल हशा ओसरेपर्यंत थांबला,
मुरलेल्या नटासारखा.

खिडकी बसली. एवढंच.
दुकानात ती शिरली की हा अजूनही निघतो,
पण पोतं आधी
नीट खाली ठेवतो.

पुढच्या वर्षी विनोदी नाटक घ्यायचं ठरलंय,
त्यात एक लग्न आहे.
कामं जानेवारीत वाटू. तोवर
रुसक्या दिव्याची वायर बदलायला हवी.