रोयणीपाशी

बाबुसो वेळीपाच्या मनगटावर
जुन्या पावलीएवढा व्रण होता.
कडा उंच, मधे खोलगट,
ओल्या मातीत कुणी अंगठा दाबून उचलावा तसा.
"दुखना गो," तो म्हणाला,
आणि त्याच हाताने माझ्यासाठी खुर्ची ओढली.

पाच महिने दुखला नाही,
म्हणून पाच महिने तो आला नाही.
काजूचा हंगाम. बोंडू तुडवायला पाय लागतात,
मनगट कोण बघतो.
मग हळद लावली, कुड्याची साल लावली,
कुणीतरी सांगितलं म्हणून बॅटरीतली काळी पूडसुद्धा.
एक दिवस नातीने त्याच्या हातचा घास नको म्हटलं.
तेवढं दुखलं.

बांबोळीला मी व्रणाची कड खरवडली,
काचेवर पसरली, रंगवली, धुतली.
हजारपटीत दिसले:
पेशीच्या पोटात बारके अर्धविराम,
एक ठिपका, एक शेपटीसारखी रेघ.
जिने त्यांना गिळून संपवायचं
तिच्याच घरात निवांत वाढणारे.
इरेन कुलासो मॅडमनी भिंगावरून डोळा न काढता विचारलं,
"हा कुठे बाहेर गेला होता?"
कुठे जाणार.
केप्याच्या बाजाराला. एकदा फोंड्याला, लग्नात.
"मग माशी त्याच्या दारातच आहे."

नेत्रावळीला तीन रात्री.
गोठ्यात दिव्याचा सापळा,
कुडाला एरंडेल माखलेले कागद.
डास निदान कानाशी सांगून येतो,
वालुमाशी सांगत नाही.
तिळाहून लहान, अंगभर लव,
पंख मिटतच नाही, उगारून बसते,
उडते म्हणण्यापेक्षा उड्या मारते.
कागदांना चिकटले तुडतुडे, पतंग, पालीचं एक पिल्लू.
ती नाही.

उरली रोयण.
गोठ्यामागे माझ्या खांद्याइतकं वारूळ,
हळदकुंकू, सुकलेला अबोलीचा वळेसर.
भेगांत गारवा, ओल, काळोख,
माशीला हवं ते सगळं.
"थोडी माती खणून न्यावी लागेल," मी म्हटलं.
कुणीच काही बोललं नाही.
बऱ्याच वेळाने बाबुसोची बायको म्हणाली,
"माती न्हय ती. सांतेर."

माझ्याकडे संचालकांच्या सहीचं पत्र होतं.
ते पिशवीतच राहिलं.

जल्मीने ओल्या पाकळ्या लावल्या,
एक डावीकडे, एक उजवीकडे,
आणि प्रश्न मला सांगायला लावला.
अठ्ठेचाळीस पानांच्या प्रस्तावात जे लिहिलं होतं
त्यातलं काही तोंडात येईना.
म्हटलं, तुझ्या बिळांत कोण राहतं ते बघू का?

पाकळी पडेना.
कोंबडी येऊन गेली. माझा एक पाय मुंगावला.
बाबुसोने पटका सोडला, पुन्हा बांधला.
मग उजवी जरा सरकली, अडकली,
आणि पडली.
खणायचं नाही, जल्मीने अर्थ लावला.
सापळा तोंडाशी ठेव. उजाडायच्या आत काढ.

पहाटे जाळीत अकरा.
सात नर, ते चावत नाहीत.
चार माद्या.
तिघींच्या पोटात काही नाही.
चौथी, जिचं पोट लाल होतं,
सुईखाली फाटली. माझ्या सुईखाली.
रक्त गाईचं निघालं.
अहवालात लिहिलं: नमुना अपुरा.
ठिकाण: वाळवीचं वारूळ, गोठ्यापासून बावीस पावलं.
हळदकुंकवाला रकाना नव्हता.

बाबुसोची इंजेक्शनं मात्र सुरू झाली,
व्रणाच्या कडेला, चारी बाजूंनी, दर आठवड्याला.
पहिल्यालाच त्याने खुर्चीचा हात
असा धरला की स्क्रू करकरला.
"कितें मेळ्ळें?" त्याने दातांतून विचारलं.
"अकरा."
"आनी?"
आणि काही नाही, मी म्हटलं. परत यावं लागेल.
त्याने मान हलवली.
डोळ्यांत पाणी, चेहऱ्यावर मात्र
सौदा जमल्यासारखं काहीतरी.
"आतां दुखता गो," तो म्हणाला,
"म्हळ्यार बरें जातलें."