सर्वांत कमी दर

अकरा वाजता निविदा उघडल्या.
उलानबातरवर कोळशाचा धूर,
काच आतूनही काळी.
न्यामसुरेनने आकडे वाचले, स्वल्पविरामांसकट.
सर्वांत कमी दर त्यांचाच.
गेल्या वर्षीही त्यांचाच होता.

माझ्या खणात एक टॅबलेट आहे,
गोबीतल्या शाळेतून परत आलेला.
उणे तीसमध्ये सुरूच होत नाही.
सोबत बाईंची चिठ्ठी :
मुलं त्यावर वही ठेवून लिहितात,
खाली टणक लागतं. आभारी आहोत.

नियमांत थंडीचा रकाना नाही.

सही करायला गेले, तर पेन गोठलेलं.
दुलमा शिपाईण हसली,
"बाहेरून येताना अंगाशी धरावं, मॅडम."

फाईल तशीच मिटली.
टॅबलेट कोटाच्या आत घातला, छातीशी,
आणि जेवणाच्या सुट्टीत, जिन्यावर,
बटण दाबून पाहिलं.
मग आणखी एकदा.