अधिक डिसेंबर

मे महिन्यात, अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये,
आमचा युरोप टेबलटेनिसच्या टेबलावर असतो.
जाळी काढली तिथं नदी आली. तिचं नाव उझा.
शाळेच्या लिलावात साडेचारशेला मिळालेलं टेबल,
एक पाय आखूड, त्याखाली जुना ॲटलास,
तरी लोमेरिया जरा उतारालाच.
लोमेरिया माझी. समुद्र नाही, कर्ज आहे,
सतरा मैल रेल्वे
आणि तिचा नको तेवढा अभिमान.

कूलरच्या तोंडाला पूर्व दिशा.
वाळ्याचा वास घेऊन वारा सुटतो, कागदी झेंडे पाडतो.
नियम बारा: कूलरनं पाडलेला झेंडा शरण आला असं धरू नये.
नियम तेरा: लाईट गेली की युद्धबंदी.
परवा चार तास युद्धबंदी होती.
ओट्यावर बसून, पन्हं पीत,
वीजबिलाच्या पाठीवर आम्ही तहाची कलमं लिहिली.

सैनिक डॉक्टर नफीसा खंडवावालांचे. इतवारीत दवाखाना.
दाढेच्या प्लास्टरमधून त्या पायदळ ओततात,
दात कोरायच्या सुईनं
एकेकाला चेहरा देतात:
कुणी झोपाळू, कुणी नुकताच भांडून आलेला,
एकाच्या तर गालावर सूज.
"हा माझा साडेअकराचा पेशंट. आता झाल्टमार्कचा कॉर्पोरल."
कॉर्पोरल पडला
की त्या पेशंटला फोन करून तब्येत विचारतात.

नत्थूजी मेश्राम, उत्तर बोरोव्हाचे सरसेनापती.
अंबाझरीच्या आयुध निर्माणीत एकतीस वर्षं लेथवर,
उजवा कान तिथंच राहिला.
नऊ वर्षांत एकदाही तोफ डागली नाही.
तोफा आहेत. रांगेत, पुसलेल्या.
"एक गोळा कातायले किती वेळ लागते, मले माहीत हाय,"
एवढंच.

एक फेरी म्हणजे एक महिना.
एकोणीसशे एकोणीसला सुरुवात केली,
तेव्हा मला केस होते.
पीयूष लांजेवार तेव्हा सहावीत,
टेबलाखाली गेलेले फासे काढून द्यायला यायचा.
आता इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष,
सोळा रणगाडे, आणि नियमांची वही प्लास्टिकच्या कव्हरात.
"डिसेंबर अडतीस संपला, काका. पान उलटू?"

कुणी फासा उचलेना.
आमचा युरोप तो युरोप नाही:
राजधान्या वेगळ्या, राजे वेगळे,
तो एक माणूस आम्ही जन्मालाच घातला नाही.
पण साल तेच येणार होतं.

मेश्रामांनी चांगला कान पुढे केला.
"काहून घाई करून राहिला बे?
आपल्या इकडं हिशेब जुळत नाही तं महिना वाढवतेत का नाही?
मी पंचांग पाहत नाही. पण ही युक्ती बरी हाय."
पीयूषनं मोबाईल चाळला.
"पौषात अधिक येत नाही, काका."
"तो तुया पंचांगाचा नियम. बोरोव्हात येते."

मतदान झालं.
पृथ्वी कशी फिरते हे मी तीस वर्षं शिकवलं,
फळ्यावर खडूनं, अंशासकट.
हात वर केला.

आतून हिचा आवाज: "धोंड्याचा महिना ना?
मग तुमच्या युरोपात जावई कोण?"
यावर फार खल झाला.
शेवटी झाल्टमार्कचा धाकटा राजपुत्र
बोरोव्हाला जावई म्हणून मंजूर झाला,
तोफांच्या मधून वाट काढून.

पुढच्या रविवारी स्टीलच्या डब्यात तेहतीस अनारसे.
डबा उझेच्या पुलावर ठेवला, दुसरीकडे जागाच नव्हती.
खाता खाता खसखस सांडली, खंदकांवर, छपरांवर,
माझ्या सतरा मैलांवर.
पीयूषनं बारीक ब्रश घेतला, एक रणगाडा झाडला,
दुसऱ्यावर थांबला.
"डिसेंबरच आहे. राहू द्या."

वहीत त्याच्याच अक्षरात आहे:
अधिक डिसेंबर १९३८. हालचाल नाही.
लोमेरियाची गाडी चाळीस मिनिटं उशिरा.

तेवढ्यात बाहेर अजनीला खरी गाडी लागली,
टेबल थरथरलं,
सुजल्या गालाचा कॉर्पोरल आडवा झाला.
डॉक्टरांनी पर्समधून फोन काढला.