रिकाम्या जागा

वर्गात शिकवायचं तसं शिकवलं होतं:
कुड्याची लेणी, सातवाहनांच्या काळापासूनची,
दगड बेसॉल्ट, खाली राजपुरीची खाडी.
सहावीने दोनदा लिहून काढलं.
मी वह्या तपासल्या. सही, तारीख.

मग एका शनिवारी मासळीच्या टेम्पोतून
एकवीस मुलं, धुतलेल्या टेम्पोलाही वास तोच,
डब्यांत तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी,
नौशीनकडे सगळ्यांना पुरेल एवढी आवळासुपारी.

आत शिरताच वटवाघळांचा दर्प. मग गारवा.
कुणीतरी ओ दिली
आणि छताने ती परत केली
जरा जाड आवाजात.

भिंतीवरची ब्राह्मी दाखवून मी म्हटलं,
"हे दान एका माळ्याचं."
रुपेश गायकर म्हणाला,
"हारवाल्याचं नाव हाय, मंग फोडणाऱ्याचं कुठंय?"
मी पुस्तकातलं पान मनात उलटलं.
पुढचा धडा लागला.

वनिता वाघे, बाप चिऱ्याच्या खाणीवर,
हजेरीलासुद्धा नुसतीच मान हलवणारी,
एका अर्ध्या राहिलेल्या खोलीत
भिंतीला तळहात लावून उभी होती.
"बाई, हितं दोघं होते.
ह्या अंगाचे घाव बघा, नि त्या अंगाचे बघा.
एक डावरा.
नि वरनं खाली आलेत. आधी छप्पर, मंग जमीन.
आपल्या घराच्या उलटं."
"मग थांबले का गं?"
तिने खांदे उडवले.
"मुकादमानं पैसं दिलं नसतील."

मुलं डबे खायला बाहेर पळाली.
मीही जन्माची डावरी,
दुसरीत लाकडी पट्टीने उजवी झालेली.
कुणी बघत नाही असं बघून
त्या चरांवर डावा हात ठेवला.
तिरकस, खरबरीत, बोटभर अंतराने
माझ्याच बाजूला कललेले.

काल चाचणी झाली.
प्रश्न पहिला, रिकाम्या जागा भरा:
कुड्याची लेणी ______ दगडात कोरलेली आहेत.
वीस जणांनी लिहिलंय, बेसॉल्ट.
वनिताने लिहिलंय, कठीण.

दिवे गेलेत. खाडीवरून वारा येतोय,
गठ्ठ्यावर पाण्याचा तांब्या ठेवलाय.
वीस पेपर झाले.
एकविसाव्यासाठी लाल पेन
कधी डाव्या हातात आलं,
कळलं नाही.