चारशे तेरावं पान

'पंप' या शब्दावर आपण उभं राहायचं नाही, शेठ.
तिथे हायवे आहे. मोठ्या कंपन्यांचे ट्रक
रात्रंदिवस धावतात, आपल्या पाटीकडे
कोण मान वळवणार?

बन्सीशेठ अमृतकर, पारोळ्याच्या दुकानात
गल्ला मोजता मोजता म्हणाले, मग कुठे राहायचं?

म्हटलं, बांधावर.
पायवाट बाभळीपाशी वळते तिथे.
महिन्यातून एकच माणूस येईल,
पण येईल तो आपल्याचकडे.

तेव्हापासून लिहितेय.
'तीन एचपीची मोटर गुणगुणते पण फिरत नाही'
'पाणी दहा मिनिटं येतं मग चूळ भरल्यासारखं थांबतं'
एकेका प्रश्नाला एकेक पान,
आणि पान अर्धवट सोडायचं नाही:
वायरचा रंग, पान्याचा नंबर,
कुठला नट उलटा फिरतो,
कशाला हात लावायचा नाही.

उत्तरं माझी नाहीत. रमजूभाई पिंजारी
तांब्याची तार गुंडाळत सांगतात,
मी स्टुलाशेजारी वही घेऊन.
"बेअरिंग गेलं की मोटर रडत नाही, बाई, दात खाते."
हे तसंच ठेवलं.
दोंडाईच्याहून कुणीतरी नेमकं तेच विचारत आलं:
मोटर दात खाते.

अहिराणीतही विचारतात लोक,
मोटर फिरस, पन पानी येत नही, काब्र?
त्या 'काब्र'साठी वेगळं पान केलं.
हे कोण वाचणार, शेठ म्हणाले.
अकरा जणांनी वाचलं.
मी आकडा दोनदा सांगितला.

मग फाल्गुनात एका सकाळी यादीत एक ओळ,
रात्री दोन चाळीसची, थ्री फेज येते तेव्हाची:
'मोटर वडीलच चालू करायचे ते गेले आता कशी करायची'
ना स्वल्पविराम, ना प्रश्नचिन्ह.
आमच्या चारशे बारा पानांतलं
एकही त्या माणसाच्या कामाचं नव्हतं.
त्याला आमचं दरपत्रक दिसलं.
नऊ सेकंद थांबून निघून गेला.

रमजूभाईंना वाचून दाखवलं.
तार थांबली. मग म्हणाले, लिही.
आधी चप्पल घाल, रबरी.
पेटी हळू उघड, आत पाल असते.
तिन्ही दिवे लागलेत का बघ.
पाइपात पाणी ओत, बुडबुडे थांबेपर्यंत ओत,
वडील इथे घाई करत नसणार.
मग हिरवं बटण.
आवाज चढेल, मग एका सुरात लागेल.
तो सूर तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

शेवटची ओळ ते पूस म्हणाले.
मी पुसली नाही.

पान चढवून दीड महिना झाला.
आले: एक जण. रात्री दोन पाचला.
थांबले: चौदा मिनिटं.
तोच होता की दुसरा कुणी, कळायची सोय नाही.

काही विकलं गेलं का, शेठ विचारतात.
नाही म्हणते.
चौदा मिनिटांत, रमजूभाई मान वर न करता म्हणतात,
पाइप भरतो.