दहा मुलं, दप्तरांसकट

नाव एकशे ऐंशी किलो, ट्रेलर एकशे वीस.
भाऊ पुठ्ठ्यावर खडूने बेरीज मांडतो.
मला किलो कळत नाहीत.
म्हणजे दहा मुलं, मी म्हणते, दप्तरांसकट.
रोज नेतेच की.

"रोज आत बसवून नेतेस, अक्का.
ही मागून येणार."

अंबडला त्याच्या टाक्या होतात, फायबरच्या.
वर्षभर पाणी आत ठेवायच्या वस्तू करणाऱ्याने
यंदा एक केली पाणी बाहेर ठेवायची.
गंगाव्हऱ्याच्या लहानू भोयाची ऑर्डर,
निम्मे पैसे रोख,
निम्मे मासळीत, गावेल तशी.

इसाक मिस्त्रीने व्हॅनखाली उताणं झोपून
हुक वेल्ड केला, हातोडीने दोनदा वाजवून पाहिला.
"गाडी मोडेल, पण हा नाही मोडायचा."
याला तो धीर देणं म्हणतो.
मग नावेच्या नाकावर वाळूचं पोतं चढवलं,
कारण मागचं जड झालं तर
शेपूटच कुत्र्याला हलवतं.

रविवार. सहाचा गारठा. काचेवर दव.
पपया नर्सरीच्या सिग्नलला
दूधवाला कॅनवर कोपर टेकून विचारतो,
"ताई, पूर येणारे का?"
फेब्रुवारीत.

पुढे हवालदार. गाडीचे कागद दिले.
"आणि नावेचे?"
लहानपणी कागदाच्या नावा ढिगाने केल्या, साहेब,
नावेचे कागद कुणी मागितले नव्हते.
हे मनात.
तोंडाने म्हटलं, टाकी आहे. अर्धी.
त्याने चारी बाजूंनी पाहिलं,
हसू आलं ते शिट्टीत फुंकलं
आणि जा म्हणाला.

या व्हॅनचं इंजिन सीटखाली.
त्यामुळे चढ आधी मला कळतो, मग गाडीला.
गोवर्धन सुटलं, सावरगावकडे रस्ता तापत गेला
माझ्या मांड्यांखाली.
दुसऱ्या गियरवरून पहिल्यावर,
बाजूला द्राक्षाचे मांडव, घडांना कागद गुंडाळलेले,
एक सायकलवाला मला मागे टाकून गेला
आणि वळून नावेलाच नमस्कार केला.
उतारावर मात्र तिचं वजन
पाठीत बोट खुपसल्यासारखं.
ब्रेक लवकर मारायचा,
थोडा थोडा मारायचा,
आरशात सारखं बघायचं.
हे मला कुणी शिकवायला नको.
मागची दंगामस्ती पुढूनच आवरायची असते.

खरी अडचण काठावर.
पाण्यापर्यंत रिव्हर्स.
स्टिअरिंग डावीकडे घेतलं, नाव उजवीकडे.
उजवीकडे घेतलं, ती डावीकडे, वर तिरकी.
दोनदा कात्री झाली, क्लचचा जळका वास सुटला.
येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या, लहानू ओरडतोय,
थांबा!
काठावर चार पुरुष जमले, चौघांनी चार दिशा दाखवल्या.
बारा वर्षं चालवतेय,
घाम मानेवरून पाठीत.

लहानूची बायको यमुना
जाळ्यातला काटा काढत होती.
मान वर न करता म्हणाली,
"बैलगाडी मागं सारताना जू उलटं नाही का फिरवत?"

जू उलटं फिरवलं.
थोडंसंच. वाट पाहिली. पुन्हा थोडंसं.
मागची चाकं बुडाली, मग ट्रेलर दिसेना,
दोर सुटला,
आणि ती इतका वेळ ओढलेली, पोत्याने दाबलेली वस्तू
कुणाचीच नसल्यासारखी बाजूला सरकली.
व्हॅनचं मागचं अंग चार बोटं वर आलं,
शेवटचं मूल उतरल्यावर येतं तसं.

परतीच्या वाटेवर रिकामा ट्रेलर
भरल्यापेक्षा जास्त खडखडला.
शेजारच्या सीटवर पिशवीत तीन मरळ, एक अजून हलणारी.
प्रत्येक गतिरोधकाला मी हळू झाले
आणि आरशात पाहिलं.

सोमवारी शर्विलने हुकात पाय अडकवला.
"काकू, हे काय?"
मागून येणाऱ्यांसाठी.
"मग ते कुठेयत?"
पोचले, म्हटलं.
दार नीट लाव.