सोय

सहाला तळजाईची चक्कर संपवून आम्ही बाकावर बसतो
आणि विमानं सुरू होतात.

रसाळांचं मत आखाती कंपनीला: गुडघे सुटे राहतात,
चहा मागावा लागत नाही.
टिळेकरबाई जर्मनवाल्या: वेळ म्हणजे वेळ,
हसणं मात्र मोजून, आपल्या पेठेतल्या दुकानदारासारखं.
आपल्या विमानात निदान भातावर वरण असतं,
हे मी. समोरचा पडदा लागत नाही, हेही मीच.
चालता येत असलं तरी व्हीलचेअर मागायची,
रांग टळते, यावर एकमत.
आणि सहकारनगरापासून मुंबई विमानतळापर्यंतची टॅक्सी
सगळ्यांत वाईट. त्यावरही.

घळसासी कधी बोलत नाहीत.
आज रसाळांनी विचारलंच,
तुम्ही शिकागोला गेला होतात ना? कुठल्या विमानानं?

"नाव नाही लक्षात. मुलाला आणायला गेलो होतो.
जाताना मधली सीट. दोन्हीकडचे झोपलेले,
उठवलं नाही कोणाला.
येताना खिडकी मिळाली.
सर्व्हिस चांगली होती. गरम टॉवेल दिला, दोनदा.
त्या मुलीला एकदा विचारलं मी,
खाली, सामानात, फार गार असतं का हो?
तिला वाटलं, कुत्रा वगैरे असेल.
म्हणाली, काळजी नका करू, सर,
त्यांची सोय वेगळी असते."

लोहगावच्या दिशेनं एक गेलं, बरंच खालून.
टिळेकरबाईंनी आवळासुपारीची डबी पुढे केली.
घळसासींनी चिमूटभर घेतली.
हातातच धरून ठेवली.